स्नोड्रॉप लावताय? कंद सुकू देऊ नका

सप्टेंबर लागला की ब्रिटनमधल्या गार्डन सेंटरांत कंदांची जाळीदार पाकिटं टांगली जातात. ट्यूलिप, डॅफोडिल, क्रोकस आणि त्यांच्याच रांगेत स्नोड्रॉप. पाकिटावर बर्फातून डोकावणारी पांढरी फुलं, किंमत माफक. नवखा माणूस पंचवीस-पन्नास कंद घेतो, सवड मिळेल तसे ऑक्टोबरच्या अखेरीस लावतो आणि फेब्रुवारीत सहा-सात पाती तेवढी वर येतात. मग तो मातीला बोल लावतो, हवेला लावतो, स्वतःच्या हाताला लावतो. बहुतेक वेळा कंद पाकिटातच मेलेले असतात.

कांदा चाळीत महिनोन् महिने टिकतो, कारण त्याच्या अंगावर कोरड्या सालींचं जाड पांघरूण असतं. डॅफोडिल आणि ट्यूलिपचंही थोडंफार तसंच. स्नोड्रॉपचा कंद मात्र लसणीच्या टपोऱ्या पाकळीएवढा, आणि त्याच्यावरचा पापुद्रा इतका पातळ की नखाने सहज निघावा. युरोपातल्या पानगळीच्या रानात, कुजलेल्या पाल्याखाली राहायची त्याला सवय. उन्हाळ्यात तो झोपतो, पण तिथली जमीन कधी पुरती वाळत नाही. दुकानाच्या उबदार फळीवर महिनाभर काढला की तो आतून चिपाड होतो. कधी घ्यायचा, किती खोल लावायचा, कुठे लावायचा, हे सगळं या एका गोष्टीवर ठरतं.

त्याचं वर्ष

लावण्याआधी त्याचं वेळापत्रक माहीत हवं, कारण ते आपल्याकडच्या झाडांच्या बरोबर उलटं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात, वर काहीही दिसत नसताना, कंदाला नवी मुळं फुटतात. डिसेंबर-जानेवारीत पातीची टोकं जमिनीबाहेर येतात. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत फुलं. फुलं गेल्यावर पाती लांबतात आणि पुढच्या वर्षाची सगळी शिदोरी कंदात भरतात. मे महिन्यात ती पिवळी पडतात, जूनपर्यंत नाहीशी होतात. जून ते ऑगस्ट पूर्ण झोप.

विकत घेण्याच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा कोरड्या कंदांची. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बेभरवशाची. घ्यायचेच असतील तर माल दुकानात आल्या आल्या घ्या, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि दोन-चार दिवसांत लावून टाका. पाकीट हातात घेऊन कंद बोटांनी दाबून पाहा. टणक आणि आकाराच्या मानाने जड लागला तर ठीक. दाबल्यावर पिचकला, साल आतून सुटून खुळखुळली किंवा बुडाशी हिरवट-निळी बुरशी दिसली, तर पाकीट परत फळीवर. ऑक्टोबरात ‘अर्ध्या किमतीत’ अशी पाटी लागलेले स्नोड्रॉप फुकट मिळाले तरी महागात पडतात.

कॅटलॉगमध्ये कंदांपुढे 4/5 किंवा 5/+ असे आकडे असतात. तो सेंटिमीटरमधला घेर असतो, रुंदी नव्हे. पाच सेंटिमीटर रुंद कंदाची अपेक्षा ठेवून पाकीट उघडणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं, पण तसं काही नसतं. साध्या जातीसाठी 4/5 चालतो, पण पहिल्याच वर्षी फुलं हवी असतील तर 5/+ घ्या.

दुसरी तऱ्हा हिरव्या पातीसकट. इथले माळी तिला ‘इन द ग्रीन’ म्हणतात. फुलं ओसरता ओसरता, फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चअखेरपर्यंत, विक्रेते जमिनीतून कंद मुळांसकट काढतात, ओलसर कागदात गुंडाळतात आणि टपालाने पाठवतात. कंद सुकायला वेळच मिळत नाही, म्हणून पन्नास-शंभर नग लावायचे असतील तर हीच पद्धत घ्या. मागवण्याआधी विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा: कंद पाठवायच्या किती दिवस आधी काढता, आणि माल तुमच्या स्वतःच्या शेतातला आहे का? ‘ऑर्डर आली की काढतो’ हे चांगलं उत्तर. पार्सल शनिवार-रविवार टपालात अडकू नये म्हणून सोमवारी किंवा मंगळवारी पाठवायला सांगा.

या पद्धतीलाही एक खोट आहे. चालू हंगामात मुळं दुखावतात, त्यामुळे पुढच्या वर्षी काही कंद फुलाला चुकतात आणि त्याच्या पुढच्या वर्षी सावरतात. हे ठाऊक नसलेले लोक पहिल्या फेब्रुवारीतच सगळं उपटून टाकतात.

तिसरी तऱ्हा कुंडीतल्या रोपाची. जानेवारी-फेब्रुवारीत नऊ सेंटिमीटरच्या कुंडीत फुललेलं बेट मिळतं. दर नगाला सर्वांत महाग, पण मुळांना धक्का नाही आणि फूल डोळ्यांनी बघून घेता येतं. नाव असलेली खास जात घ्यायची असेल तर हाच मार्ग धरा.

कोणतीही तऱ्हा असो, कंद लागवडीतले आहेत की रानातून उपटलेले हे विचारा. स्नोड्रॉपच्या सगळ्या प्रजाती धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स (CITES) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. तुर्कस्तानातून पूर्वी रानातले कंद भरमसाट उपसले जात, म्हणून हा बंदोबस्त. ब्रिटनमध्येही जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय कोणतीही रानटी वनस्पती मुळासकट उपटणं 1981च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याने गुन्हा आहे. चर्चच्या आवारात हजारोंनी फुललेले दिसले, तरी खुरपं खिशातच राहू द्या.

कोणता घ्यायचा

स्नोड्रॉप ओळखायचा तर फुलाआधी पाती बघा. फुलं लांबून सगळी सारखीच दिसतात: तीन लांब बाहेरच्या पाकळ्या आणि आत तीन आखूड, ज्यांच्या टोकाशी हिरवी खूण. सहाही पाकळ्या सारख्या लांबीच्या आणि प्रत्येकीच्या टोकाला हिरवा ठिपका असेल, तर तो स्नोड्रॉप नव्हेच, त्याचा भाऊबंद स्नोफ्लेक आहे.

गॅलँथस हे स्नोड्रॉपचं शास्त्रीय नाव. त्यातला गॅलँथस निव्हॅलिस हा नेहमीचा. पाती अरुंद, राखाडी-हिरवी, उगवताना समोरासमोर चिकटलेली, नमस्काराच्या हातांसारखी. उंची दहा-पंधरा सेंटिमीटर. गवतात, झाडाखाली, कुठेही पसरतो. पहिली खरेदी याचीच करा. याचाच दुहेरी पाकळ्यांचा प्रकार ‘फ्लोर प्लेनो’. त्याला बी धरत नाही, पण कंद भराभर वाढतात, त्यामुळे बेट लवकर भरतं.

गॅलँथस एल्वेसिआय दांडगा. पाती रुंद, निळसर-राखाडी, आणि उगवताना एक पात दुसरीला गुंडाळून घेते. ग्लॉस्टरशरमधल्या कोल्सबोर्नचे वनस्पतिसंग्राहक हेन्री जॉन एल्वेस यांना तो 1874 साली तुर्कस्तानात सापडला, म्हणून त्यांचं नाव. ऊन आणि थोडा कोरडेपणा तो निव्हॅलिसपेक्षा बरा सोसतो. लंडनच्या आसपास कोरडी, हलकी जमीन असेल किंवा नाइलाजाने सुके कंदच घ्यावे लागत असतील, तर हा घ्या.

गॅलँथस वोरोनोविआय काळ्या समुद्राच्या पूर्वेकडचा. पाती चकचकीत हिरवीगार, राखाडी छटा अजिबात नाही. फूल लहान, पण फुलं गेल्यावरही पाती शोभतात. गॅलँथस प्लिकेटसच्या पातींच्या कडा साडीच्या निरीसारख्या मागे दुमडलेल्या असतात. तो नवख्यांच्या वाटेला फारसा येत नाही.

नावाच्या जातींत पहिली ‘एस. आर्नॉट’ घ्या. उंच, भरदार, उन्हाची तिरीप पडली की मधासारखा वास, आणि रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा अवॉर्ड ऑफ गार्डन मेरिट मिळालेली. त्यापुढच्या जगात जरा सांभाळून शिरा. पिवळ्या खुणांच्या ‘गोल्डन फ्लीस’ जातीचा एक कंद 2015 साली ऑनलाइन लिलावात 1,390 पौंडांना गेला, आणि 2022 साली ‘गोल्डन टिअर्स’ने 1,850 पौंडांचा आकडा गाठला. दहा पावलांवरून बघणाऱ्याला यांतला आणि साध्या स्नोड्रॉपमधला फरक कळेलच असं नाही. शंभर साधे कंद एका जागी लावले तर तो नजारा रस्त्यावरूनही दिसतो.

फेब्रुवारीत केंब्रिजशरमधली अँगल्सी ॲबी किंवा कोल्सबोर्न पार्क यांसारखी बाग एकदा पाहून या. कोणत्या झाडाखाली, किती दाट, कशाच्या जोडीला लावलंय, हे तासाभरात समजतं, शिवाय अशा अनेक बागांत तिथेच कुंड्या विकायला असतात.

जागा

हिवाळ्यात ऊन आणि उन्हाळ्यात सावली, असं ज्याच्याखाली मिळतं ते पानगळीचं झाड सर्वांत उत्तम. सफरचंद, बर्च, हेझल, मॅग्नोलिया चालतात. पाती कामाला लागलेली असताना झाड उघडं असतं, आणि कंद झोपला की वर पानांचं छत तयार होतं. सदाहरित कोनिफर किंवा लॉरेलच्या बुडाशी लावू नका, तिथली माती बाराही महिने कोरडी आणि अंधारी असते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगतची तापणारी पट्टीही टाळा.

नव्या वसाहतीतल्या घरांत वेगळीच अडचण असते. वर दहा सेंटिमीटर विकतची माती, खाली बांधकामाचा राबिट आणि यंत्रांनी दाबलेली चिकणमाती. तिथे एक खड्डा खणून बादलीभर पाणी ओता. तासाभरात जिरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही साचलेलं असेल तर कंद कुजतील, तेव्हा दुसरा कोपरा शोधा किंवा वाफा पंधरा सेंटिमीटर उंच करा. चिकणमाती एरवी वाईट नाही: ओल धरते, आणि निचरा सुधारला तर स्नोड्रॉप तिथे मजेत वाढतात.

माती तयार करायला लागतो कुजलेला पाला. गेल्या शरदात गोळा करून पोत्यात भरून ठेवलेला, आता काळा, भुसभुशीत झालेला. पाच सेंटिमीटरचा थर अंथरा आणि वरच्या वीस सेंटिमीटर मातीत मिसळा. नसेल तर घरचं चांगलं मुरलेलं कंपोस्ट चालेल. ताजं शेणखत नको, कंद सडतात. हाडांचं खत घालायचं असेल तर चौरस मीटरला एक मूठ पुरे, पण ते खोल मिसळा. वास येताच रात्री कोल्हा येऊन सगळा वाफा उकरून ठेवतो.

लावण्याच्या दिवशी

पार्सल आलं त्याच दिवशी लावायचं हे धरूनच वेळ काढा. अगदीच जमलं नाही तर कागद उघडून, मुळं ओलसर कंपोस्टमध्ये झाकून, थंड शेडमध्ये सावलीत ठेवा. एखाद-दोन दिवस निभावेल. पाण्यात बुडवून ठेवू नका.

हातमोजे घाला, कंदांच्या रसाने काहींच्या त्वचेला खाज सुटते. पातीसकट आलेला एक नग हातात घ्या आणि नीट बघा. खाली पांढरी मुळं, मग कंद, कंदावर पांढरा देठ, आणि एका ठिकाणी पांढऱ्याचा हिरवा रंग सुरू होतो. ती रेषा म्हणजे पूर्वीच्या जमिनीची पातळी. पांढरं सगळं मातीखाली आणि हिरवं वर, इतक्या खोल लावा. कमी खोल लावलेला कंद उन्हाळ्यात तापतो आणि सुकतो. नवख्यांच्या हातून सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

आता खुरप्याने दहा सेंटिमीटर खोल, वीतभर रुंद खड्डा घ्या. टोकदार काठीने एकेक भोक पाडू नका. भोकाच्या तळाशी पोकळी राहते, मुळं अधांतरी लोंबतात आणि वाळतात. रुंद खड्ड्यात पाच-सात नग एकमेकांपासून पाच ते सात सेंटिमीटरवर, मुळं खाली पसरून मांडा. पाती हाताने उभी धरून चारी बाजूंनी माती ढकला आणि बोटांनी हलकेच दाबा. टाचेने नव्हे. मग झारीने शांतपणे पाणी द्या, पावसाची चिन्हं असली तरी द्या, म्हणजे माती मुळांना बिलगते. पाती दुसऱ्या दिवशी आडवी पडतील. पडू द्या, बांधत बसू नका.

कोरडे कंद लावताना खोली आठ ते दहा सेंटिमीटर, रेताड जमिनीत बारा. टोक वर, चपटं बूड खाली. वर-खाली कळत नसेल तर आडवा ठेवा, कंद वळण घेऊन वर येतो. जागेवर छोटी पाटी खोचा, नाहीतर नोव्हेंबरात पॅन्सी लावताना तुमचंच खुरपं त्यांच्यात घुसेल.

शंभर कंद सात सेंटिमीटर अंतराने लावले तर साधारण अर्धा चौरस मीटर भरतो. सरळ रांगा नकोत. पाच-सात कंदांची बेटं वेड्यावाकड्या अंतराने पाडली की दोन-तीन वर्षांत मधल्या जागा आपोआप भरू लागतात. फ्लॅटची बाल्कनी असेल तर वीस सेंटिमीटरच्या कुंडीत दहा-बारा कंद बसतात, पण उन्हाळ्यात ती कुंडी उत्तरेच्या सावलीत ठेवा आणि माती पूर्ण वाळू देऊ नका. कुंडी घरात आणून हीटरजवळ ठेवली तर फुलं दोन दिवसांत माना टाकतात.

नंतर

पाती पिवळी पडेपर्यंत कापू नका, गाठी मारू नका, वेण्या घालू नका. लॉनमध्ये लावले असतील तर तेवढ्या भागात मेच्या शेवटापर्यंत मशीन फिरवू नका. शेजारी नाक मुरडतील, मुरडू द्या. मार्च-एप्रिल कोरडा गेला तर आठवड्यातून एकदा पाणी. शरदात पडलेला पाला जाड थराने साचला असेल तर डिसेंबरपूर्वी हलका करा, पातीची टोकं वर आल्यावर दाताळं फिरवू नका. बी धरलेल्या बोंडांना हात लावू नका. बियांना एक मांसल शेपूट असतं, त्याच्या लोभाने मुंग्या त्या ओढून नेतात आणि तुमच्या वतीने बाग पेरतात. बियांपासून फूल यायला तीन-चार वर्षं तरी लागतात.

काय बिघडतं

पाती भरपूर, फुलं नाहीत: बेट फार दाटलंय, फार उथळ लावलंय, किंवा गेल्या वर्षी पाती लवकर कापली. दाटीमुळे असेल तर विभागणी करा, पद्धत खाली दिली आहे.

उगवतानाच पातींवर राखाडी, केसाळ बुरशी आणि कोंब कुजलेला: हा बोट्रायटिस, उबदार आणि ओल्या हिवाळ्यात येतो. फवारे मारत बसण्यापेक्षा अख्खं बेट आजूबाजूच्या मातीसकट काढून कचऱ्यात टाका. कंपोस्टच्या ढिगावर मुळीच नको. त्या जागी काही वर्षं स्नोड्रॉप लावू नका.

पातींची टोकं करपल्यासारखी तांबूस-तपकिरी: स्टॅगोनोस्पोरा नावाची दुसरी बुरशी. डॅफोडिललाही तीच लागते, म्हणून दोन्ही एकमेकांना चिकटून लावू नयेत.

कंद मऊ, आत पोकळ आणि एक मळकट अळी: नार्सिसस माशी. मे-जूनमध्ये उन्हाच्या जागी, वाळत्या पातींच्या बुडाशी ती अंडी घालते. पाती वाळल्यावर राहिलेली भोकं माती लोटून बुजवा. सावलीतल्या बेटांना ती कमी छळते.

खारींची चिंता नको. ट्यूलिप फस्त करणाऱ्या खारी स्नोड्रॉपच्या वाटेला सहसा जात नाहीत, कारण तो विषारी आहे. अल्झायमरवरच्या औषधात वापरलं जाणारं गॅलँटामाइन पहिल्यांदा या कुळातूनच मिळालं, पण म्हणून कंद औषधी समजू नका. खाल्ला तर उलट्या, जुलाब, चक्कर. सोललेला कंद हुबेहूब लसणीसारखा दिसतो, तेव्हा पाकीट स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा कांदा-लसणीच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नका. भारतातून आलेले आई-वडील घरात असतील तर त्यांना आवर्जून दाखवून ठेवा.

आणि त्यांच्या परतीच्या बॅगेत कंद देऊ नका. साइट्सचे आणि भारतातले वनस्पती विलगीकरणाचे नियम आड येतात, शिवाय पुणे-नाशिकच काय, महाबळेश्वरातही हा जगायचा नाही. त्याला लांब, बोचरी थंडी लागते, आणि त्याच्या झोपेच्या महिन्यांतच तिथे धो धो पाऊस. तिकडे याच कुळातले सुदर्शन आणि पावसाळी लिली आहेत, ते लावावेत.

विभागणी

तीन-चार वर्षांनी बेटाच्या मधली फुलं कमी व्हायला लागतात. फुलं सुकली पण पाती अजून हिरवी आहेत, अशा वेळी, म्हणजे मार्चमध्ये, काटेफावडं बेटापासून एक वीत लांब रोवून अख्खं बेट उचला. जवळ रोवलं तर कडेचे कंद चिरतात. जमिनीवर ठेवून हातांनी सोडवा, झटकू नका. तीन-चार कंदांचा एकेक झुपका करा आणि लगेच, त्याच खोलीवर, नव्या जागी लावून पाणी द्या. तीस कंदांच्या बेटातून सात-आठ नवी बेटं निघतात. शेजाऱ्याला द्यायचे असतील तर मुळांवरची माती तशीच ठेवून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, आणि हातात देतानाच सांगा: आज संध्याकाळीच लावा.